एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं, पण नंबर कुठला?

प्रश्न: आम्ही दोघी जावा एकाच दिवशी एका शिबिरात तपासणी करून आलो. माझं वय ३४, जाऊबाईंचं ४३. दोघींचा पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, पण एचपीव्ही दोघींचा पॉझिटिव्ह. माझ्या कागदावर 'टाइप १६ नॉट डिटेक्टेड, टाइप १८ नॉट डिटेक्टेड, अदर हाय रिस्क डिटेक्टेड' असं आहे. जाऊबाईंच्या कागदावर 'टाइप १६ डिटेक्टेड' आणि बाकी दोन्ही नॉट डिटेक्टेड. घरात संडास एकच आहे, एकीचं दुसरीला लागलं का? सासूबाई म्हणतात, दोघींची पिशवी काढून मोकळ्या व्हा. माझ्या मुलाच्या बोटांवर चामखिळी आहेत, त्याही याच व्हायरसच्या असतात म्हणे. मुलगी १३ वर्षांची आहे, तिला लस द्यावी का? आणि हे आलं कुठून, यावरून घरात सध्या कुणी कुणाशी धड बोलत नाही. (इचलकरंजी)

उत्तर:

ताई, निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. जाऊबाईंसाठी येत्या दोन-चार आठवड्यांत कॉल्पोस्कोपीची, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून बघण्याच्या तपासणीची, वेळ घ्या. तुम्हाला स्वतःला आज काही करायचं नाही, एका वर्षानं हीच टेस्ट परत करायची. पिशवी कुणाचीच काढायची नाही. मुलीला लस द्यायची. मुलाच्या चामखिळींचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही.

एकाच दिवशी तपासलेल्या दोघी पॉझिटिव्ह आणि सल्ला मात्र वेगवेगळा, हे घरच्यांना पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोल्हापुरात माझ्याकडे असे रिपोर्ट बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. 'पॉझिटिव्ह' ही ओळ पेनानं गोल केलेली असते आणि तिच्याखालच्या तीन ओळी फोटोत कापल्या गेलेल्या असतात. मी आधी पूर्ण पानाचा फोटो मागवते, कारण माझ्या कामाचं सगळं त्या तीन ओळींत असतं. तुम्ही त्या ओळी नीट उतरवून पाठवल्यात, म्हणूनच इतकं ठाम उत्तर देता आलं.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. गर्भाशयाच्या तोंडाचा (गर्भाशयमुखाचा) कॅन्सर यातल्याच काहींमुळे होतो. हा एकच एक व्हायरस नाही, भावकी आहे. आडनाव एक, पण स्वभाव प्रत्येकाचा निराळा. आजवर याचे दोनशेच्या वर प्रकार नोंदले गेले आहेत. व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन बनवणारा एल-१ नावाचा जनुक आधीच्या सगळ्या प्रकारांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेगळा निघाला, की त्याला नवा प्रकार मानतात आणि पुढचा नंबर देतात. म्हणजे नंबर हा नोंदणीचा क्रम झाला. ५८ नंबर आला म्हणून १६ पेक्षा धोका जास्त, असलं गणित त्यात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'माझा बावन्न आलाय, म्हणजे फारच वाढलंय ना?' असं खरंच विचारलं जातं.

तुमच्या मुलाच्या बोटांवर जे आहे ते बहुधा टाइप २ किंवा ४. तळपायाला दुखरी कुरुपासारखी चामखीळ होते ती बहुतेकदा टाइप १ ची, आणि चेहऱ्यावर चपट्या बारीक होतात त्या ३ किंवा १० च्या. हे प्रकार हातापायांच्या जाड कातडीवर राहणारे आहेत. ते गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करत नाहीत. मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. तो नखं कुरतडत असेल तर तेवढं थांबवा, नाहीतर एका बोटावरून दुसऱ्यावर पसरत राहतील. बाकी त्याला या चर्चेतून वगळा.

जननेंद्रियांच्या भागात राहणारे प्रकार साधारण चाळीस. त्यातले ६ आणि ११ हे मस करतात, म्हणजे बाहेरच्या भागावर उगवणारे मऊ कोंब. अशा मसांपैकी सुमारे ९० टक्के या दोघांचे. ते दिसायला घाण दिसतात, माणूस लाजेनं अर्धमेला होतो, उपचार करूनही परत उगवतात. क्वचित बाळंतपणात बाळाच्या घशात उतरून स्वरयंत्रावर गाठी होतात आणि त्या पोराचा आवाज बसतो. त्रास खरा आहे, पण या दोघांमुळे कॅन्सर जवळजवळ होत नाही. माझ्या अनुभवात मस आलेली बाई त्याच दिवशी धावत येते, आणि १६ नंबरवाली वर्षानुवर्षं येत नाही, कारण तिला दिसत काहीच नाही, दुखत नाही, खाजत नाही. डोळ्यांना दिसणारा एचपीव्ही बहुधा साधा असतो. घातक असतो त्याचा पत्ता मशीनच सांगतं.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑन इथे आहे. तिनं कॅन्सरला नक्की कारणीभूत म्हणून बारा प्रकार ठरवले आहेत: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. टाइप ६८ 'बहुधा' या रकान्यात आहे, ६६ आणि आणखी काही 'असू शकेल' या रकान्यात. लॅबमधली नेहमीची मशीन हे बारा आणि ६६, ६८ मिळून चौदा प्रकार शोधतात. त्यातले १६ आणि १८ वेगळे दाखवतात आणि उरलेल्या बारांना 'अदर' या एका ओळीत बसवतात. तुमच्या कागदावरची 'अदर' म्हणजे या बारांपैकी एक किंवा जास्त.

मग १६ आणि १८ यांनाच वेगळी ओळ का? कारण जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांचे, आणि भारतात हे प्रमाण त्याहून जास्त, ऐंशीच्या घरात. त्यातही १६ एकटा निम्म्याहून अधिक कॅन्सरना जबाबदार. हाराल्ड त्सुर हाउजन या जर्मन शास्त्रज्ञानं गाठींच्या तुकड्यांतून १९८३ मध्ये टाइप १६ आणि १९८४ मध्ये टाइप १८ वेगळे करून दाखवले. तोवर संशय दुसऱ्याच एका व्हायरसवर, हर्पीसवर होता. या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.

आता तुमचा आणि जाऊबाईंचा फरक आकड्यांत. अमेरिकेत पोर्टलंडला वीस हजारांवर बायकांचे नमुने तपासून पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. कॅन्सरच्या अगदी अलीकडची पायरी, जिला आम्ही सीआयएन-३ म्हणतो, ती किंवा त्यापुढचं काही दहा वर्षांत किती जणींत सापडलं? टाइप १६ असलेल्या शंभरांत १७, टाइप १८ असलेल्या शंभरांत सुमारे १४, बाकीचे हाय रिस्क प्रकार असलेल्या शंभरांत ३. ज्यांच्यात काहीच नव्हतं त्यांच्यात शंभरात एकसुद्धा नाही. तीस वर्षांपुढच्या, पॅप नॉर्मल असलेल्या बायका वेगळ्या काढल्या तर ही दरी आणखी रुंद झाली. तुम्ही दोघी नेमक्या त्याच गटात बसता. म्हणजे जाऊबाईंचा पॅप नॉर्मल असला तरी आम्ही त्यावर विसंबत नाही, आणि तुमचा नॉर्मल आहे तेव्हा वर्षभर निवांत थांबतो.

हा आकडा उलटा वाचायलाही विसरू नका. १६ असूनही शंभरांतल्या ऐंशीहून जास्त बायकांत दहा वर्षांत ती पायरी सापडली नाही. आणि १७ जणींत सापडलं ते सगळं कॅन्सर नव्हे. त्यातलं बहुतेक कॅन्सरच्या आधीचं, दवाखान्यात एका बैठकीत काढून टाकता येणारं.

१६ इतका चिवट का, याचं थोडं आतलं सांगते. पेशीत दोन राखणदार प्रथिनं असतात. एक पी-५३, जे बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. दुसरं आरबी, जे पेशीला उगाच दुभागू देत नाही. हाय रिस्क एचपीव्हीचं ई-६ हे प्रथिन पी-५३ ला नष्ट करवतं आणि ई-७ हे आरबीला निकामी करतं. ६ आणि ११ यांच्याकडेही ई-६, ई-७ आहेत, पण त्यांची पकड ढिली, म्हणून ते मसावर थांबतात. १६ ची पकड घट्ट आहे आणि शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला चुकवून वर्षानुवर्षं बसून राहण्यातही तो बाकीच्यांच्या पुढे आहे. काळ जातो तसे पेशीत चुका साठत जातात, आणि पुष्कळदा व्हायरसचा डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसून बसतो. मग ई-६, ई-७ वर लगाम राहत नाही.

१८ ची तऱ्हा निराळी. तो गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतल्या ग्रंथींच्या पेशींत जास्त रमतो. त्यामुळे त्याचा कॅन्सर आतल्या बाजूला वाढतो आणि पॅपच्या ब्रशला सापडायला अवघड जातो. कुणाचा १८ पॉझिटिव्ह आला तर मी नळीच्या आतलाही नमुना घेते. ४५ हा १८ चा सख्खा, तोही असाच वागतो. ३१, ३३, ३५, ५२, ५८ हे १६ च्या बाजूचे.

एक गोष्ट विद्यार्थी असताना मला कोड्यासारखी वाटायची. हा व्हायरस योनीतही असतो, पुरुषाच्या इंद्रियावरही असतो, मग कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडालाच इतका का? त्याचं उत्तर जागेत आहे. पिशवीच्या तोंडावर बाहेरची जाड, थराथराची त्वचा आणि आतली नाजूक एकपदरी त्वचा जिथे मिळतात तिथे एक पट्टा असतो. वयात येताना, बाळंतपणात, पाळी जाताना हा पट्टा सरकत असतो आणि तिथल्या पेशी सतत एका रूपातून दुसऱ्या रूपात जात असतात. व्हायरसला घुसायला आणि पेशीला बिघडवायला हीच जागा सोयीची. गुदद्वाराच्या आतही असाच सांधा आहे, म्हणून तिथल्या कॅन्सरपैकी ९० टक्क्यांच्या आसपास एचपीव्हीचे, आणि त्यात पुन्हा बहुतांश १६ चे. टॉन्सिलच्या खोबणींतलं अस्तरही असंच विरळ असतं. बायकांच्या योनीचे आणि बाहेरच्या भागाचे, पुरुषांच्या इंद्रियाचे कॅन्सर या व्हायरसमुळे होतात, पण फार कमी.

टॉन्सिलचं नाव काढलं की लगेच विचारतात, तोंडाचा कॅन्सर पण याचाच का? पाश्चात्त्य देशांत घशाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरला एचपीव्ही मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे, हे खरं. पण आपल्याकडे गाल, जीभ, हिरडी यांच्या कॅन्सरचं कारण शोधायला व्हायरसपर्यंत जावं लागत नाही. ते मशेरीच्या डबीत आणि माव्याच्या पुडीत सापडतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाई मशेरी लावत असतील तर सुनांच्या पिशवीची काळजी करता करता त्यांनी स्वतःचं तोंड एकदा दाखवून घ्यावं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर आमच्याकडे नव्हे, दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

व्हायरस अंगात येणं आणि कॅन्सर होणं यांच्यात लांबचं अंतर आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतोच. दहांपैकी नऊ जणींत तो दोन वर्षांच्या आत शरीरच हटवतं, किंवा इतका दाबून टाकतं की टेस्टमध्ये दिसत नाही. उरलेल्यांत तो टिकतो, आणि टिकलेलाच धोक्याचा. तिथपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे अंतर ५ ते १० वर्षांवर येतं, म्हणून अशा बायकांना तपासणी लवकर सुरू करायची आणि जास्त वेळा करायची. बिडी-सिगारेट, पाच वर्षांहून जास्त काळ गर्भनिरोधक गोळ्या, खूप बाळंतपणं, यांनीही टिकलेल्या व्हायरसला हातभार लागतो. गोळ्यांचा वाढीव धोका त्या बंद केल्यावर हळूहळू उतरतो. त्यामुळे रिपोर्ट बघून घाबरून मध्येच पाकीट फेकून देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला.

तुम्हाला एक वर्ष थांबायला सांगते ते या टिकण्यासाठीच. वर्षानं टेस्ट निगेटिव्ह आली तर शरीरानं काम केलं. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल, तर नंबर कुठलाही असो, पॅप नॉर्मल असो, तुमचीही कॉल्पोस्कोपी करायची. मधल्या काळात दर दोन महिन्यांनी टेस्ट करून काही मिळत नाही. आणि कृपा करून लॅबला फोन करून 'सीटी व्हॅल्यू किती' विचारू नका. कोविडनं लावलेली ती सवय इथे निरुपयोगी आहे. एचपीव्हीत त्या आकड्यावरून आजार किती पुढे गेलाय ते कळत नाही आणि उपचारही ठरत नाहीत.

आता जाऊबाईंकडे येते. कॉल्पोस्कोपी हे नाव मोठं आहे, पण भूल लागत नाही, टाका नाही. नेहमीच्या तपासणीसारखं झोपायचं, स्पेक्युलम लावून पिशवीचं तोंड उघडं करायचं आणि बाहेरून एका भिंगाच्या यंत्रातून बघायचं. दुर्बीण आत घालत नाहीत. तोंडावर तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरच्याच ताकदीचं. किंचित चुरचुरतं. मग मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबी राहतो. बिघडलेल्या पेशींत केंद्रक दाट असतं, तो भाग हळूहळू पांढरा होतो. मी तो किती लवकर पांढरा झाला, कडा अस्पष्ट आहेत की ठळक, त्यात रक्तवाहिन्यांची जाळी दिसते का, हे बघते. पुसट, लवकर ओसरणारा पांढरेपणा बहुधा किरकोळ असतो. दाट, ठळक काठाचा, बराच वेळ तसाच राहणारा असेल तर तिथला तुकडा घेते. त्यानंतर आयोडीन लावतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्यांचा रंग गडद तपकिरी होतो, आणि बिघडलेला भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. चिमटा बसल्यासारखं वाटतं, एक-दोन दिवस थोडं लाल जातं. पाळी चालू नसताना जायचं आणि आदल्या दिवशी संबंध टाळायचे.

काही सापडलं नाही तर त्यांनीही वर्षानं परत टेस्ट करायची. सीआयएन-१, म्हणजे सगळ्यात सौम्य बिघाड, आलं तर तो व्हायरसचा ठसा समजायचा, बहुतेक वेळा आपोआप जातो. सीआयएन-२ किंवा ३ आलं तर तेवढाच भाग गोठवून, उष्णतेनं जाळून किंवा लीप नावाच्या विजेच्या तारेच्या कडीनं काढून टाकता येतो. न काढल्यास काय होतं हेही दुर्दैवानं माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६०-७० च्या दशकांत सीआयएन-३ असलेल्या काही बायकांना पुरेसे उपचारच दिले गेले नाहीत. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी.

सासूबाईंच्या 'पिशवी काढा'वर मी जरा कडक बोलणार आहे. त्या एकट्या नाहीत. 'डॉक्टर, काढूनच टाका की, कशाला डोक्याला ताप?' हे वाक्य मी नवऱ्याच्या, आईच्या, कधी खुद्द पेशंटच्या तोंडून ऐकते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती नेमली गेली. त्या ऊसतोड टोळ्या आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्यांवर येतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह हे पिशवी काढायचं कारण नाही. व्हायरस पिशवीपुरता नसतो, योनीच्या अस्तरातही असतो, त्यामुळे पिशवी गेली तरी तो जाईलच असं नाही. दुसरं, तपासणी न करता पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर ती साधी शस्त्रक्रिया त्या कॅन्सरला अपुरी पडते आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. कॉल्पोस्कोपी आणि तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथे कागद दाखवा.

संडासाचं कोडं तर तुमच्याच कागदांनी सोडवलंय. जाऊबाईंच्यात १६ आहे आणि 'अदर' नाही. तुमच्यात 'अदर' आहे आणि १६ नाही. एकीचं दुसरीला लागलं असतं तर नंबर जुळले असते. हा व्हायरस त्वचेला त्वचा लागून, मुख्यतः लैंगिक संबंधातून जातो. भांडी, टॉवेल, संडास यांच्यावर आळ घेऊ नका.

आणि 'आलं कुठून' यावर. टेस्टला एवढंच कळतं की आज व्हायरस आहे. तो गेल्या वर्षी आला की लग्नाच्या पहिल्या वर्षी, तुमच्याकडून मालकांना गेला की त्यांच्याकडून तुम्हाला, हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं दबून राहिलेला व्हायरस चाळिशीत पुन्हा टेस्टमध्ये दिसू शकतो. लग्नाआधी कधीतरी एका जोडीदाराशी आलेला संबंधही पुरेसा असतो, आणि तो दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणं म्हणजे चुकीच्या पुराव्यावर शिक्षा देणं. पुरुषांसाठी अशी नेहमीची मान्य टेस्टही नाही, म्हणून मालकांना लॅबमध्ये पाठवू नका. निरोधनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण झाकलं न गेलेल्या त्वचेवरूनही व्हायरस जातो. घरात समजावणं जड जात असेल तर पुढच्या भेटीला मालकांना सोबत घेऊन या. बरेच पुरुष डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर गप्प होतात, काही चक्क सुटकेचा श्वास टाकतात.

मुलीच्या लशीबद्दल. ती १३ ची आहे, हेच वय योग्य. लस व्हायरस येण्याआधी द्यायची असते. अंगात असलेला व्हायरस ती घालवत नाही, म्हणून जाऊबाईंच्या १६ वर तिचा उपयोग नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आणि परदेशी गार्डासिल या दोन्ही ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर आहेत. गार्डासिल-९ मध्ये त्याशिवाय ३१, ३३, ४५, ५२, ५८ येतात. पैशांची ओढाताण असेल तर चार प्रकारांची निवांत घ्या, आपल्याकडचे बहुतेक कॅन्सर त्यातल्या दोन नंबरांचेच आहेत. परवडत असेल तर नऊची. नऊची घेऊ म्हणून दोन वर्षं थांबणं मात्र चुकीचं. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, पंधरापासून पुढे तीन. जागतिक आरोग्य संघटना आता या वयात एक डोसही चालेल असं म्हणते, आणि त्यामागचा मोठा पुरावा आपल्या देशातला आहे.

त्याची हकीकत अशी, की २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे एका लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे नव्हते असं निघालं, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर ढिलाई सापडली. त्यावरची टीका रास्तच होती. 'या लशीनं मुली मेल्या' हा मेसेज जो फिरत असतो, त्याचं मूळ हे. त्या गदारोळात २०१० मध्ये लशीच्या इतर अभ्यासांतलंही लसीकरण थांबवावं लागलं. पुणे आणि बार्शी ही केंद्रं असलेल्या एका मोठ्या अभ्यासात त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि पुढे दिसलं की १६ आणि १८ टिकून राहण्यापासून एका डोसनंही जवळपास तेवढंच संरक्षण मिळालं. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला, हा २०२० चा अहवाल. शासनाकडून मोफत मिळते का, ते आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात आजच्या तारखेला विचारून घ्या.

तुम्ही दोघी शिबिराला गेलात ते उत्तम केलंत. त्याचं मोल सांगणारा अभ्यासही जवळचाच आहे, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन तो केला. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट मिळाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. नुसती नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या, थोड्या लहानच गटात ६४. देशात दरवर्षी या आजाराचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात आणि ८० हजारांच्या जवळपास बायका जातात. त्यातल्या बहुतेक जणींची कधी तपासणीच झालेली नसते.

पुढच्या वर्षीच्या टेस्टला जाताना आजचा कागद बरोबर न्या आणि १६, १८ वेगळे दाखवणारीच टेस्ट करा. नुसती 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' सांगणारी नको. जमलं तर 'अदर'मधले नंबर वेगळे सांगणारी करा, म्हणजे आहे तोच टिकलाय की दुसरा आलाय हे कळेल. फक्त एका बाबतीत वर्षाची वाट पाहायची नाही. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा डाग, किंवा अंगावरून घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर रिपोर्ट काय आहे ते बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं. हे तुम्हाला, जाऊबाईंना आणि सासूबाईंनाही लागू आहे.